पुनवेची शिवण आणि लताबाईचे घर

मृत्युपत्र लिहून ठेवणार : नवसाबाई सावळीराम केदारे, धर्म बौद्ध, वय साठीच्या पुढे (जन्माचा दाखला नाही), पूर्वी नगरपालिकेच्या प्रसूतिगृहात आया, हल्ली घरीच, राहणार नाशिक रोड, नाशिक.

मी, वर नाव लिहिलेली नवसाबाई, आज पूर्ण शुद्धीवर आहे. दुखणे पोटात आहे, डोक्यात नाही, आणि तसा डॉक्टरांचा दाखला या कागदाला जोडला आहे. गाठ आता कापण्यापलीकडे गेली, हे त्यांनी मला तोंडावर सांगितले ते बरे केले. कोणी माझे कान भरलेले नाहीत, मला धमकावलेले नाही, गोडगोड बोलून माझ्याकडून काही काढून घेतलेले नाही. मला चौथीपर्यंतचे वाचता येते आणि सही येते. पण हात थरथरतो, म्हणून मी सांगते आहे आणि कोर्टाजवळ दस्त लिहिणारे गोरक्ष तेजाळे लिहीत आहेत.

गोरक्षभाऊ सुरुवातीलाच म्हणाले, "बाई, कोणाला काय द्यायचं तेवढं सांगा. का द्यायचं ते मृत्युपत्रात लागत नाही."

मी म्हटले, "लागतं. मी कारण लिहिलं नाही तर माझ्यामागे लोक आपापली कारणं लावतील."

म्हणून कारणांसह लिहून ठेवते ते असे.

कलम १. माझे राहते घर. दोन खोल्या, पत्र्याचे छप्पर, पुढे पडवी, मागे मोरी आणि कडुनिंबाचे एक झाड. जागा मी माझ्या पगारातून आणि माझ्या आईच्या चांदीच्या वाळ्यांतून घेतली. खरेदीखत माझ्या एकटीच्या नावे आहे. माझे पती दिवंगत सावळीराम यांचा त्यात पैसाही नाही आणि श्रमही नाहीत, कारण घर बांधले तेव्हा ते इथे राहत नव्हते. हे घर आतल्या भांड्याकुंड्यांसह, झाडासह, मी माझ्या पश्चात लताबाई हिला देत आहे. लताबाई मूळची नामपूरची, आज माझ्याच घरी राहते. घराची ती पूर्ण मालक. तिने राहावे, भाड्याने द्यावे, विकावे, कोणी विचारू नये.

लताबाई माझी सवत आहे. गोरक्षभाऊंनी हा शब्द लिहिताना माझ्याकडे पाहिले. पण तोच शब्द आहे, दुसरा नाही. कागदावर मात्र ती कोणीच नाही. तिचे लग्न कुठे नोंदलेले नाही, रेशनकार्डावर मी तिला बहीण लावले आहे, आणि माझे दीर झुंबर केदारे तिला जे म्हणतात ते मी या कागदावर येऊ देणार नाही. माझे डोळे मिटले की दुसऱ्या दिवशी तिला पिशवी घेऊन रस्त्यावर काढता येईल. तसे होऊ नये, एवढ्यासाठी हा सगळा कागद आहे.

ती माझ्या घरात कशी आली, ते सांगायचे तर पुनवेच्या बैठकीपासून सांगावे लागते.

बहात्तरच्या दुष्काळात सिन्नरकडची पुष्कळ कुटुंबे आमच्या वस्तीत येऊन राहिली. मीही तिकडचीच, त्यामुळे त्यांतली काही तोंडे ओळखीची होती. त्या हिवाळ्यात त्यांची पोरे गोणपाट पांघरून निजत. नाशिकची थंडी ज्याने सोसली आहे त्याला यापुढे सांगायला नको. आमच्या गल्लीतल्या यशोदाबाई भालेराव या वयाने मोठ्या, आवाजाने त्याहून मोठ्या. पौर्णिमेला विहारात वंदना झाली आणि बायका उठू लागल्या, तशा त्या म्हणाल्या, "हात जोडून झाले ना? आता उघडा. घरी जा आणि एकेक जुनं लुगडं घेऊन या." त्या दुपारी पहिली गोधडी घातली. पुढल्या पौर्णिमेला दुसरी. मग विहाराचे काम निघाले म्हणून बैठक माझ्या पडवीत आली, ती इथेच राहिली.

एका पुनवेला एकीची गोधडी, असा नेम. जिची असेल तिने कपडा आणायचा, बाकीच्यांनी सुई आणि हात. चहा जिचे घर तिचा, म्हणजे कायम माझा. जुलेखाबाई वस्तीपलीकडून येई. तिचे मालक सलाउद्दीन मास्तर यांचे शिलाईचे दुकान, तिथली कात्रणे ती गोणीत भरून आणी. कोणी तिला विचारले, "तुला गं पुनवेचं काय?" तर म्हणाली, "पुनव असो नाही तर अमावस, माझ्या घरी चिंध्या रोजच असतात." पडवीत गोधडी पसरली की तिच्या चारही कडांना बायका बसत, आणि शिवण आत सरकू लागली की बायकाही आत सरकत. सासू, नवरा, पोरांच्या शाळा, सगळे त्या कपड्यावर बोलून होई. दुसरीकडे बोलायला आम्हांला जागा नव्हती.

माझ्या नवऱ्याबद्दल मात्र तिथे कोणी बोलत नसे. मी चहा घेऊन बाहेर आले की बोलणे थांबे आणि सुया तेवढ्या चालत. तेवढ्यावरून मला कळायचे ते कळले होते.

सावळीराम ट्रक चालवत. सटाणा, नामपूरच्या बाजारातला कांदा भरून आणत. माणूस वाईट नव्हता. दारू नाही, हात उचलणे नाही. आमची दोन मुले झाली आणि दोन्ही राहिली नाहीत. त्यानंतर आम्ही एकमेकांशी फार जपून बोलू लागलो. मग त्यांचे नामपूरला मुक्काम वाढले. आधी दोन दिवस, मग आठवडा, मग महिन्याकाठी एखादी फेरी. त्यांनी कधी सांगितले नाही, मी कधी विचारले नाही. भांडले असते तर सोपे गेले असते. नंतर नंतर ते पाहुण्यासारखे येत. पडवीत बसत, पाणी मागत आणि जाताना म्हणत, "येतो नवसा." मी त्यांना एवढेच म्हणे, "गाडी हळू चालवा."

एकोणऐंशी साली दिवाळी झाल्यावर चांदवडजवळ त्यांचा ट्रक उलटला. झुंबर येऊन मला सांगून गेले. मातीला मी होते. मला रडू आले नाही. बायकांनी मला हलवले, माझ्या गालावर चापट्या मारल्या, तरी आले नाही. त्या दिवशी नामपूरला कोणी कळवलेच नव्हते, हे मला मागाहून समजले. तिला ते बाजारात, कांद्याच्या ढिगापाशी, कोणा हमालाकडून कळले.

त्यानंतरच्या पौर्णिमेला आम्ही बसलो होतो. गोधडी कोणाची होती ते आता आठवत नाही. पडवीच्या पायरीपाशी एक बाई येऊन उभी राहिली. काखेत मूल, हातात गाठोडे. मुलीच्या अंगात झबल्यावरून गड्याचा शर्ट घातलेला, बाह्या दुमडून दुमडून जाड झालेल्या. तो शर्ट मी ओळखला. त्याची कॉलर झिजली तेव्हा मीच ती उसवून उलटी लावली होती.

सगळ्यांनाच कळले. यशोदाबाई उठल्या आणि म्हणाल्या, "तुझं इथं काय काम? आली तशी उलट्या पावली जा."

ती जागची हलली नाही. गाठोडे पुढे करून नामपूरकडच्या अहिराणीत म्हणाली, "त्यास्ना कपडा शेतस. गोधडी शिवनी शे. माले शिवता येत नही."

"मग तुझ्या गावात शिंपी नाय का?"

"पोरले थंडी वाजस," ती म्हणाली. यशोदाबाईंना नाही, मला.

जुलेखाबाई म्हणाली, "अहो, बसू तरी द्या. पोर काकडलंय." कोणी हलले नाही. सगळ्या माझ्याकडे पाहत होत्या.

मी त्या वेळी काय विचार केला, हे मला नंतर पुष्कळांनी विचारले. चांगले सांगण्यासारखे काही नाही. पोरीचे पाय उघडे होते आणि टाचा निळसर पडल्या होत्या. प्रसूतिगृहात इतकी वर्षे पोरांच्या टाचाच आधी बघायची सवय. मी म्हटले, "जागा करा गं."

गाठोडे सोडले. चार शर्ट, दोन पायजमे, एक लुंगी, एक गळपट्टा. कापायला कोणी कात्री हातात घेईना. तिने घेतली, पण तिच्याने पहिला कापही होईना. मग मी घेतली. पहिली बाही खांद्यातून सुटली तेव्हा मला रडू आले. ते मातीच्या दिवशीचे राहिलेले होते. समोर तीही रडत होती, आवाज न करता, पदर दातांत धरून. पोरगी जुलेखाबाईच्या मांडीवर जाऊन झोपली होती.

गोधडी एका पुनवेत झाली नाही. दुसऱ्या पुनवेला ती पुन्हा एसटीने आली, या खेपेला गाठोडे मोठे होते. तिच्या भावाने घरातून काढले होते. संध्याकाळी परतीची गाडी निघून गेली. मी म्हटले, "आजच्या दिवस राहा." ती राहिली. ती लता, आणि पोरगी भिमा. तो आजचा दिवस अजून सरलेला नाही.

एवढे हे कारण. कलम एक इथे संपले.

कलम २. पोस्टातल्या माझ्या पुस्तकात जे काही असेल ते, आणि नोकरीचे कोणाकडून काही येणे निघाल्यास तेही, लताबाईला. ती सही करत नाही, अंगठा उठवते. पोस्टातल्या माणसाने तिला हेलपाटे घालायला लावू नयेत, जुलेखाबाईने बरोबर जावे.

कलम ३. सिन्नर तालुक्यातल्या आमच्या गावी सासऱ्यांच्या कोरडवाहू जमिनीत माझ्या पतींच्या मागे मला जो हिस्सा येतो, तो मी माझे दीर झुंबर केदारे यांना देत आहे. पतींचे मनगटी घड्याळही त्यांनाच. ते बंद आहे, पण भावाचे आहे. जमीन देण्याला माझी अट एकच : लताबाईच्या घरावर त्यांनी किंवा त्यांच्या मुलांनी दावा लावू नये. लावल्यास हा हिस्साही लताबाईचा होईल. गोरक्षभाऊ म्हणतात, अशी अट घालता येते.

झुंबरभाऊजी हा कागद वाचतील तेव्हा त्यांना राग येईल. त्यांच्यासाठी पुढचे लिहिते.

भाऊजी, भिमा गेली त्याला आठवडाही झाला नव्हता आणि तुम्ही आलात. लता आत भिंतीकडे तोंड करून पडली होती. तुम्ही पडवीत बसून तिला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालात, "वहिनी, आता काय धागा उरला? पोर होतं तवर मी काय बोललो नाय. आता तिला काढा. माझा धाकटा तुमच्याजवळ आणून ठेवतो, म्हातारपणी आधार होईल."

मी म्हटले, "भाऊजी, चहा घ्या आणि जा."

"ती तुमची कोण लागते?"

"ते तुम्ही नका ठरवू."

तुम्ही चहा न पिता गेलात. मुलाला माझ्याजवळ ठेवायचे म्हणजे घरात पाय रोवायचा, हे मला कळत होते. पण मला राग त्याचा आला नाही. आत जिचे मूल गेले तिला तुम्ही ते ऐकवलेत, त्याचा आला, आणि तो अजून आहे. जमीन देते म्हणजे तो गेला असे समजू नका. जमीन देते ती घराच्या रक्षणासाठी.

कलम ४. इथे भिमाचे लिहिते. तिला द्यायचे काही नाही, पण ज्या घरात ती साडेतीन वर्षे वाढली त्या घराच्या कागदात तिचे नाव यायला हवे.

भिमा सावळीराम केदारे. शाळेत हेच नाव घातले. बाईंनी विचारले, "आई कोणती?" तर तिने दोघींकडे बोट केले. लताला ती माय म्हणे, मला मोठी माय. तिची डावी भुवई बापासारखी मधेच तुटलेली होती. पहिले काही महिने मला ती भुवई बघवत नसे. मग एके दिवशी लक्षात आले की मी तिला हाक मारते ती केवळ ती भुवई वर जावी म्हणून. ती आम्हा दोघींच्या मधे निजे, बापाच्या शर्टांची गोधडी घेऊन. थंडीतही तीच, उन्हाळ्यातही तीच. गोधडीतल्या निळ्या चौकड्यावर बोट ठेवून विचारी, "हा बाबांचा कुठला?" आणि लता सांगे, "बाजारना." मग दुसऱ्यावर बोट. तो मी सांगे. त्या पोरीपायी आम्ही दोघी त्यांच्याबद्दल बोलायला शिकलो. त्याआधी एका घरात राहून आम्ही त्यांचे नाव काढत नव्हतो. लता हसून म्हणाली होती, "ते तुमनाकडेबी अशेच गप्प बसेत का?" मी म्हटले, "गप्पच." आणि दोघी हसलो.

या काळात लता शिवायला शिकली. सुरुवातीला तिचा टाका बोटभर लांब आणि वाकडा पडे. यशोदाबाई तो उसवत. तिच्याशी बोलत नसत, "नवसाबाई, हिला सांगा," असे माझ्यामार्फत सांगत. पडवीत समोरासमोर बसून कितीतरी पुनवा त्यांनी तिच्याशी एक शब्द थेट काढला नाही. लता मुकाट्याने उसवलेले पुन्हा घाली. दिवसा द्राक्षाच्या पेट्या भरायला जाई, कांद्याच्या खळ्यावर जाई, आणि संध्याकाळी जुन्या कापडावर टाके घालून बघे.

त्र्याऐंशीच्या श्रावणात भिमाला ताप आला. पहिल्या दिवशी पावसात भिजली म्हणून असेल असे वाटले. दुसऱ्या दिवशी तिची मान ताठ झाली. मी तिला उचलून दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी करता येण्यासारखे सगळे केले, त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. ताप मेंदूत गेला होता. सकाळी उन्हे आली तेव्हा ती गेली. मी आया होते. किती बायकांच्या हातांत मी मूल दिले असेल. त्या दिवशी मला लताच्या हातात तिचे मूल द्यायचे होते.

लहान मूल, म्हणून पुरायचे ठरले. लताने ती गोधडी आणली. मला ती द्यायची नव्हती. मागे राहणारे तेवढेच होते, त्यांचेही आणि पोरीचेही. मी म्हटले, "लता, ही राहू दे गं घरात."

ती म्हणाली, "आक्का, तिले थंडी वाजस."

आम्ही दोघींनी मिळून तिला गुंडाळले. पाय आधी.

त्या महिन्याच्या पौर्णिमेला मी कोणाला बोलावले नव्हते. दुपारी पडवीत चपलांचा आवाज आला. सगळ्या आल्या होत्या. कोणाची गोधडी ठरलेली नव्हती, तरी जुलेखाबाईने कात्रणे ओतली आणि बायका उगीच रंगाला रंग लावत बसल्या. लता आत होती. यशोदाबाई उठून आत गेल्या. मला वाटले आता ह्या काय बोलतात. त्या तिच्याजवळ खाली बसल्या, गुडघे धरून, कारण त्यांना खाली बसणे जड जाते. म्हणाल्या, "लता, माझ्या डोळ्याला दिसंना बघ. एवढी सुई ओवून दे."

लताने भिंतीकडचे तोंड वळवले. सुई घेतली. दोरा चार वेळा निसटला. यशोदाबाई थांबून राहिल्या. ओवल्यावर म्हणाल्या, "आता एक अजून दे. आणि मग बाहेर ये, मला तिथून सारखं उठून येणं होत नाय."

ती बाहेर आली.

कलम ५. पडवीत पुनवेची बैठक माझ्यामागे चालू ठेवावी की नाही, हे लताबाईने ठरवावे. बायकांनी हक्क सांगू नये. ती दमली असेल, तिला एकटे राहावेसे वाटत असेल, तर विहाराची जागा आहे. पण मला तिला एक सांगायचे आहे. ती घरात एकटी असली की जेवत नाही, नुसता चहा पिते. तेव्हा निदान पहिले वर्षभर तरी बायकांनी यावे आणि येताना भाकरी बांधून आणावी, ती नको म्हणाली तरी.

कलम ६. मोठी कात्री सलाउद्दीन मास्तरांच्या दुकानातून आली होती, ती त्यांना परत. धार गेली आहे, लावून घ्यावी. शिवताना बोटात घालायचे माझे पितळी अंगुस्तान यशोदाबाईंना. माझ्या बोटाचे आहे, त्यांच्या बोटाला सैल होईल, आत चिंधी लावावी. त्या माझ्याआधी जाईन जाईन म्हणत होत्या, मीच पुढे निघाले, म्हणून त्या माझ्यावर रागावून आहेत. सुयांचा डबा, दाभण आणि दोऱ्याची रिळे लताबाईचीच आहेत.

कलम ७. लाकडी पेटीत लहान दुपटी आहेत. आम्ही ती कात्रणांतून शिवून ठेवत असू, प्रसूतिगृहात ज्या बाईबरोबर बाळाला गुंडाळायलाही काही नसे तिच्यासाठी. मी निवृत्त झाले तरी लता ती नेऊन देते. आहेत तेवढी सगळी नेऊन द्यावीत. माझी लुगडी पाच-सहा बरी आहेत, बाकीची विरली आहेत. त्यांची माझ्या आठवणीची म्हणून गोधडी शिवू नये. लताबाईला ती अंगावर घेऊन झोप लागणार नाही, मला ठाऊक आहे. बरी आहेत ती तिने नेसावीत. विरलेल्यांची दुपटी करावीत. जुने सुती लुगडे बाळाच्या अंगाला टोचत नाही.

कलम ८. माझ्या मातीचे. विहारात वंदना व्हावी, आणखी काही नको. जेवणावळ करू नये. अग्नी लताबाईने द्यावा. झुंबरभाऊजी किंवा त्यांच्या मुलाने पुढे होऊ नये. बायका अग्नी देत नाहीत असे कोणी म्हणाले तर त्याला हा कागद दाखवावा. माझ्या नवऱ्याच्या मातीला हिला कोणी बोलावले नव्हते. माझ्या मातीला ती मागे उभी राहणार नाही.

कलम ९. या कागदाप्रमाणे सगळे होते की नाही हे पाहण्याचे काम मी जुलेखाबाई सलाउद्दीन शेख हिच्याकडे सोपवते. ती म्हणाली, "मी मुसलमान बाई, तुमच्या घरच्या भानगडीत माझं कोण ऐकणार?" मी म्हटले, "झुंबरभाऊजी ऐकतील. ते तुला घाबरतात." तिने कबूल केले आहे.

यापूर्वी मी दुसरे मृत्युपत्र केलेले नाही. यानंतर केले तर ते खरे धरावे, पण तेवढा वेळ मिळेल असे वाटत नाही.

हा सगळा मजकूर गोरक्षभाऊंनी आज दुपारी पडवीत मोठ्याने वाचला. मी, यशोदाबाई, सलाउद्दीन मास्तर आणि जुलेखाबाई ऐकत होतो. लताबाईला घर मिळायचे आहे, म्हणून तिने वाचताना जवळ बसू नये, असे गोरक्षभाऊंचे म्हणणे पडले. त्यामुळे ती आत चुलीपाशी होती. पण पत्र्याच्या घरात आतले बाहेर आणि बाहेरचे आत ऐकू येते. अग्नीचे कलम वाचून झाले आणि ती उंबऱ्यात येऊन उभी राहिली. हाताला पीठ तसेच होते.

म्हणाली, "आक्का, माले घर नको. तुम्ही ऱ्हा."

गोरक्षभाऊंनी टोपण लावून पेन खाली ठेवले आणि हळूच म्हणाले, "बाई, हे लिहायचं नसतं. यात देणं-घेणं काही नाही."

मी म्हटले, "लिहा. आजवर तिने स्वतःसाठी माझ्याजवळ मागितलेली ही एकच गोष्ट आहे, आणि तीच देणे माझ्या हाती नाही. तेवढे लिहा आणि मग मला सही करू द्या."

त्याप्रमाणे त्यांनी लिहिले, आणि ऐकून, समजून, राजीखुशीने मी खाली सही करत आहे.

(सही) नवसाबाई सावळीराम केदारे

नवसाबाईंनी आमच्या देखत सही केली व आम्ही त्यांच्या देखत केली :

१. यशोदाबाई भालेराव, राहणार नाशिक रोड. डाव्या हाताचा अंगठा.

२. (सही) सलाउद्दीन शेख, धंदा शिलाईकाम, राहणार नाशिक रोड.

लिहिणार : गोरक्ष तेजाळे, दस्तलेखक, नाशिक.

ठिकाण : नाशिक रोड, नवसाबाईंची पडवी.
तारीख : १८ फेब्रुवारी १९८८.